बंद पडलेले व्हर्च्युअल मशीन आणि ‘काढून नवे करा’ हा सल्ला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका संगणकाच्या आत प्रोग्रामच्या जोरावर चालणारा दुसरा संगणक, सुरू होत नसेल तर ते काढून टाका आणि नवे तयार करा, असा सल्ला संगणकविषयक सदरांतून आणि व्हिडिओंतून सर्रास दिला जातो. देणाऱ्याला तो सोपा असतो, घेणाऱ्याला महागात पडतो. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे रोजच्या बोलण्यातले व्हीएम, सुरू न होण्याची बहुतेक कारणे त्याच्या बाहेर असतात. ज्या संगणकावर ते चालते त्या होस्टचे बायोस (संगणक चालू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम), विंडोजमधला एखादा पर्याय, ड्रायव्हर, भरत आलेली डिस्क, ‘वापरात आहे’ अशी खूण म्हणून मागे राहिलेली लॉक फाइल, अशा ठिकाणी घोळ असतो. आतला डेटा बहुधा शाबूत असतो, त्याला धक्का लागतो तो दुरुस्तीच्या नावाखाली. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘रिमूव्ह’ म्हटले की ‘डिलीट ऑल फाइल्स’ आणि ‘रिमूव्ह ओन्ली’ अशी दोन बटणे समोर येतात. पहिले दाबले की यादीतल्या नोंदीबरोबर व्हर्च्युअल डिस्कची फाइलही जाते, आणि ती रीसायकल बिनमध्ये शोधून सापडत नाही. म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

व्हीएम कुठवर येऊन अडते, हे आधी पाहावे. ‘स्टार्ट’ दाबल्यावर खिडकीच उघडत नाही आणि एररची चौकट येते, तेव्हा तक्रार होस्टची असते. खिडकी उघडते पण काळ्या पडद्यावर बूट करण्याजोगे काही सापडले नाही असा मजकूर येतो, तेव्हा व्हीएमच्या सेटिंगकडे वळावे. आणि आतल्या विंडोजचे किंवा लिनक्सचे, म्हणजे गेस्टचे, चिन्ह दिसून मग ते अडकते, तेव्हा व्हर्च्युअलायझेशनचे काम चोख झालेले असते. पुढची दुरुस्ती खऱ्या संगणकाची करतो तशीच करायची. एवढे ठरवले तरी अर्धे उपाय आपोआप बाद होतात. गेस्टचा निळा पडदा येत असताना बायोस धुंडाळण्यात काही हशील नसते.

मग संदेश वाचावा, आणि तो पूर्ण वाचावा. व्हर्च्युअलबॉक्सच्या चौकटीत वर ठळक दिसणारे ‘फेल्ड टू ओपन अ सेशन’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक बिघाडात तेच असते. कामाची ओळ त्याखालच्या ‘डिटेल्स’मध्ये दडलेली असते, आणि ‘व्हीईआरआर’ने सुरू होणारा शब्द हाच खरा धागा. याउलट ‘ई-फेल’ हा शब्द आणि त्याच्यासोबतचा ८०००४००५ हा आकडा यांचा अर्थ ‘काहीतरी फसले’ इतकाच. त्या आकड्यावर शोध घेत बसणे हा शुद्ध वेळखाऊपणा आहे.

लॉग, म्हणजे प्रोग्रामने ठेवलेली घडामोडींची नोंद, कुठे असतो हेही माहीत हवे. व्हर्च्युअलबॉक्स तो व्हीएमच्या फोल्डरमधल्या ‘लॉग्ज’ या उपफोल्डरमध्ये ठेवतो आणि चालू लॉगखेरीज मागचे फक्त तीनच जपतो. चिडून चार-पाच वेळा स्टार्ट दाबले की ज्या दिवशी बिघाड झाला त्या दिवसाचा लॉग पुसला जातो. पहिल्याच अपयशानंतर ते फोल्डर दुसरीकडे कॉपी करावे. व्हीएमवेअर या तशाच दुसऱ्या प्रोग्रामचा लॉग व्हीएमच्या फोल्डरमध्येच असतो. विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीसाठी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज’खाली मायक्रोसॉफ्ट, विंडोज असे उघडत जाऊन ‘हायपर-व्ही-व्हीएमएमएस’ आणि ‘हायपर-व्ही-वर्कर’ या दोन नोंदवह्या पाहाव्या. लिनक्सवर केव्हीएम आणि लिबव्हर्ट ही व्हीएम चालवणारी जोडी असेल तर व्हार, लॉग, लिबव्हर्ट, क्यूईएमयू या फोल्डरांच्या वाटेने गेल्यावर व्हीएमच्या नावाची लॉग फाइल मिळते. लॉग वाचताना शेवटची ओळ पाहून थांबू नये. एक चूक झाली की मागोमाग दहा ठिकाणी आरडाओरड होते. त्यातली पहिली ओळ हवी.

सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय बंद असणे. इंटेलने ती व्हीटी-एक्स या नावाने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने एएमडी-व्ही या नावाने २००६ मध्ये आणली. त्यानंतर बरीच वर्षे तिच्याशिवायही व्हर्च्युअलबॉक्स जुन्या पद्धतीने ३२-बिट गेस्ट चालवू शकत होता. डिसेंबर २०१९ मधल्या ६.१ आवृत्तीत ती पद्धत काढून टाकली गेली, त्यामुळे आता ही सोय चालू असणे अनिवार्य आहे. विंडोजवर टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूवर क्लिक केले की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ची ओळ दिसते, तिथे ‘डिसेबल्ड’ असेल तर काम बायोसमध्ये आहे. लिनक्सवर ‘डीमेसेज’ या आदेशाने दिसणाऱ्या मजकुरात केव्हीएमपुढे ‘डिसेबल्ड बाय बायोस’ असे लिहिलेले आढळते. नवे व्हीएम करताना यादीत फक्त ३२-बिट सिस्टिमच दिसणे, हीदेखील याचीच खूण.

बायोसमध्ये हा पर्याय इंटेलच्या बोर्डांवर ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ या किंवा मिळत्याजुळत्या नावाने आणि एएमडीच्या बोर्डांवर ‘एसव्हीएम मोड’ या नावाने असतो, बहुधा ‘ॲडव्हान्स्ड’ किंवा ‘सीपीयू कॉन्फिगरेशन’मध्ये. शेजारी ‘व्हीटी-डी’ दिसेल. तो ग्राफिक्स कार्डासारखे हार्डवेअर थेट गेस्टला देण्यासाठी लागतो, साध्या व्हीएमला नाही. बदल सेव्ह केल्यावर नुसते रीस्टार्ट न करता संगणक पूर्ण बंद करून चालू करावा. काल चालत होते आणि आज अचानक नाही, असे असेल तर मधल्या काळात बायोस अपडेट झाले का ते आठवून पाहावे. अपडेटनंतर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात आणि पुष्कळ बोर्डांवर मूळपद म्हणजे ‘बंद’. एक खबरदारी मात्र आधीच घ्यावी. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर बायोसमधल्या बदलानंतर विंडोज कधी कधी ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती हाताशी असल्याशिवाय बायोसला हात लावू नये.

सोय चालू आहे, टास्क मॅनेजर ‘एनेबल्ड’ दाखवतो, तरीही व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर अडते. इथून पुढचा भाग बहुतेक सदरे चुकीचा सांगतात. विंडोजचे स्वतःचे हायपर-व्ही एकदा चालू झाले की ते विंडोजच्याही खाली जाऊन बसते आणि व्हीटी-एक्स आपल्या ताब्यात ठेवते. बाकीच्यांना ते थेट मिळत नाही. ‘आम्ही हायपर-व्ही घेतलेलेच नाही’ असे पुष्कळांना वाटते. पण विंडोजमधल्या लिनक्सची दुसरी आवृत्ती, म्हणजे डब्ल्यूएसएल-२, तिच्या आधारे चालणारे डॉकर डेस्कटॉप, विंडोज सँडबॉक्स आणि विंडोज सिक्युरिटीतल्या ‘कोअर आयसोलेशन’खालचे ‘मेमरी इंटिग्रिटी’, या सगळ्यांमुळे तोच हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारा तळाचा थर, मागून चालू होतो. होम आवृत्तीत हायपर-व्ही मॅनेजर नसला तरी ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ असतोच. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सिस्टिमइन्फो’ चालवावे. शेवटी हायपरव्हायझर आढळल्याचे वाक्य आले की शंका मिटली.

यावर ठरलेला सल्ला असा की ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘बीसीडीएडिट’च्या ‘सेट’ आदेशाने ‘हायपरव्हायझरलाँचटाइप’ हे मूल्य ‘ऑफ’ करा आणि रीस्टार्ट करा. उपाय खरा आहे. पण त्याबरोबर डब्ल्यूएसएल-२ आणि डॉकर बंद पडतात आणि मेमरी इंटिग्रिटीचे संरक्षणही जाते, हे सांगायला कुणी थांबत नाही. परत आणायचे तर तेच मूल्य ‘ऑटो’ करून पुन्हा रीस्टार्ट करावे लागते. आमच्या मते हा शेवटचा उपाय असावा. व्हर्च्युअलबॉक्स ६.० पासून आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशन १५.५.५ पासून, विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीवर (हे वर्ष नव्हे) किंवा त्यापुढे, दोन्ही प्रोग्राम हायपर-व्हीच्या वर बसून चालू शकतात. जुनी आवृत्ती असेल तर आधी ती बदलावी. तेवढ्यानेच अनेकदा काम होते. व्हर्च्युअलबॉक्स असे चालत असताना खालच्या पट्टीत हिरवे कासव दिसते. कासव म्हणजे बिघाड नव्हे. व्हीएम चालेल, पण सावकाश. तो वेग खरोखर नडत असेल किंवा व्हीएमच्या आत दुसरे व्हीएम चालवायचे असेल, तरच हायपर-व्ही बंद करण्याचा विचार करावा. कार्यालयीन संगणकावर तर अजिबात करू नये. विंडोज ११ च्या एंटरप्राइझ आवृत्तीत २२एच२ पासून पात्र संगणकांवर क्रेडेन्शियल गार्ड हे याच हायपरव्हायझरवर टेकलेले, पासवर्डसारखी माहिती जपणारे संरक्षण आपसूक चालू असते आणि ते तिथे कारणाने असते. तो निर्णय सिस्टिम सांभाळणाऱ्यांचा.

लिनक्स होस्टवर अनुभव वेगळा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला की त्याला जोडले जाणारे व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावे लागते आणि ते बांधले गेले नसेल तर ‘कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड’ आणि उणे १९०८ हा आकडा येतो. मॉड्यूल बांधायला लागणारी, चालू कर्नलचीच हेडर पॅकेजे घालावीत, मग रूट अधिकाराने ‘व्हीबॉक्सकॉन्फिग’ चालवावे. हेडर दुसऱ्याच आवृत्तीचे घालणे ही इथली नेहमीची चूक आहे. मॉड्यूल बांधले गेले पण लोड होत नाही, असे झाले तर सिक्युअर बूट तपासावे. सही नसलेले मॉड्यूल ते आत घेत नाही. सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा मॉड्यूलवर सही करून ती की ‘मोकयुटिल’ने नोंदवणे चांगले, जरी त्यात रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर पासवर्ड टाकण्याची एक पायरी वाढते. कर्नल ६.१२ पासून आणखी एक भानगड सुरू झाली. केव्हीएमचे मॉड्यूल लोड होताक्षणीच व्हीटी-एक्स ताब्यात घेते, मग केव्हीएमवर एकही व्हीएम चालू नसले तरी व्हर्च्युअलबॉक्स ‘व्हीएमएक्स रूट मोड’ची तक्रार करते. तात्पुरता उपाय म्हणजे ‘मॉडप्रोब’ने ‘केव्हीएम-इंटेल’ किंवा ‘केव्हीएम-एएमडी’ काढणे. कायमचा म्हणजे कर्नलच्या बूट ओळीत केव्हीएमचा ‘एनेबल व्हर्ट ॲट लोड’ हा पर्याय शून्य करणे.

ॲपलच्या एम-वन व त्यापुढच्या चिपांवर तर मूळ प्रश्नच निराळा आहे. त्या चिपा एआरएम प्रकारच्या आहेत, त्यांच्यावर नेहमीच्या इंटेल-एएमडीसाठीच्या विंडोजचे जुने व्हीएम व्हर्च्युअलायझेशनने चालणार नाही, सेटिंग कितीही बदला. व्हर्च्युअलबॉक्स ७.१ त्या मॅकवर चालते, पण आत एआरएमचाच गेस्ट घेते. एरवी क्यूईएमयूसारख्या, दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरचा संथ रस्ता उरतो.

आता लॉक. होस्ट अचानक बंद पडला की व्हीएमवेअरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट एलसीके’ने संपणारी फोल्डरे मागे राहतात आणि पुढच्या वेळी ‘टेकिंग ओनरशिप’ फसल्याचा संदेश येतो. ती डिलीट करा असे सगळे सांगतात, त्याआधी काय पाहायचे ते सांगत नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये ‘व्हीएमवेअर-व्हीएमएक्स’ ही प्रक्रिया जिवंत आहे का ते पाहावे. असेल तर व्हीएम पडद्यामागे चालूच आहे आणि लॉक आपले काम करत आहे. एकाच डिस्कवर दोन प्रक्रिया लिहू लागल्या तर आतली फाइल सिस्टिम काही मिनिटांत निकामी होते. प्रक्रिया नसेल, ते फोल्डर नेटवर्कवरून दुसऱ्या कुणी उघडलेले नसेल, तरच लॉक फोल्डरे हलवावीत. डिलीट न करता डेस्कटॉपवर हलवली तरी काम भागते. क्यूईएमयूने २०१७ मधल्या २.१० आवृत्तीपासून व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलींवर असेच लॉक आणले. तिथे ‘फेल्ड टू गेट राइट लॉक’ आले तर दुसरे कोणते व्हीएम किंवा बॅकअपचा प्रोग्राम तीच फाइल धरून बसला आहे ते शोधावे. ‘क्यूईएमयू-आयएमजी चेक’ दुरुस्तीच्या पर्यायासह चालवायचे झाले तर व्हीएम पूर्ण बंद हवे, याला अपवाद नाही.

जागेची अडचण साधी, तरी फसवी. व्हर्च्युअल डिस्क ‘डायनॅमिक’ असेल तर गेस्टला १०० जीबी दिसतात, होस्टवर फाइल सुरुवातीला लहान असते आणि वापरानुसार फुगते. होस्टची डिस्क भरली की व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम थांबवून ‘डिस्कफुल’चा इशारा देते, हायपर-व्ही ‘पॉज्ड-क्रिटिकल’ दाखवते, केव्हीएमचे व्हीएम ‘पॉज्ड’ होऊन पडते. अशा वेळी होस्टवर जागा करून ‘रिझ्यूम’ द्यावे. बळेच बंद करण्याची गरज नसते. गेस्टच्या आतल्या फाइली पुसून होस्टवर जागा होत नाही, कारण फुगलेली फाइल आपण होऊन आक्रसत नाही. मेमरीचे गणित तर उघड आहे. ८ जीबीच्या होस्टवर ८ जीबीचे व्हीएम सुरू होणार नाही. निम्म्याच्या पुढे जाऊ नये.

‘सेव्ह’ करून ठेवलेली स्थिती पुन्हा उघडत नसेल, विशेषतः प्रोग्रामची आवृत्ती किंवा होस्टचा प्रोसेसर बदलल्यावर, तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘डिस्कार्ड’ करावी. तेव्हा उघड्या असलेल्या, न जतन केलेल्या कामावर पाणी सोडावे लागते. डिस्कवरचे सगळे राहते.

स्नॅपशॉटबद्दल, म्हणजे पुन्हा परतता यावे म्हणून जपलेल्या व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीबद्दल, थोडे थांबून लिहायला हवे, कारण कायमचे नुकसान बहुतेक वेळा इथेच होते. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठते आणि नंतरचे सगळे लेखन एका नव्या फाइलमध्ये होते. पुढचा स्नॅपशॉट घेतला की तिसरी फाइल. खातेवहीच्या नव्या पानावर मागची बाकी न ओढता फक्त नवे व्यवहार लिहावेत, तशी ही साखळी असते. मधले पान फाडले की पुढच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये या फाइली ‘स्नॅपशॉट्स’ फोल्डरमध्ये महिरपी कंसातल्या लांबलचक नावांनी पडलेल्या असतात. हायपर-व्हीमध्ये त्यांचे शेपूट ‘एव्हीएचडीएक्स’ असते. डिस्क भरली म्हणून साफसफाई करणारा माणूस नेमक्या याच फाइली कचरा समजून उडवतो. त्या एक्सप्लोररमधून कधीही डिलीट करू नयेत. स्नॅपशॉट काढायचा तो प्रोग्रामच्या आतून, आणि तेव्हाही फाइली एकमेकींत मिसळण्यासाठी होस्टवर मोकळी जागा लागते. डिस्क काठोकाठ भरल्यावर स्नॅपशॉट काढायला गेलात तर मिसळणे अर्ध्यावर थांबते.

साखळी न तुटताही बिघडू शकते. व्हीएमवेअरचे उदाहरण घेऊ. प्रत्येक डिस्कच्या वर्णनात ‘सीआयडी’ नावाची आठ अंक-अक्षरांची खूण असते आणि स्नॅपशॉटच्या फाइलमध्ये ‘पेरेंट सीआयडी’ म्हणून मूळ डिस्कची तीच खूण नोंदलेली असते. कुणी ‘जरा आत काय आहे बघू’ म्हणून मूळ डिस्क थेट दुसऱ्या व्हीएमला जोडली आणि त्यावर काही लिहिले गेले की मूळची खूण बदलते, दोन्हींचा मेळ सुटतो आणि मूळ डिस्क बदलली गेल्याची तक्रार येते. वर्णनाची फाइल वेगळी असेल तर ती साध्या एडिटरमध्ये उघडून ‘पेरेंट सीआयडी’पुढे मूळची आताची खूण लिहिता येते. वर्णन डिस्कच्याच मोठ्या फाइलमध्ये असेल तर नोटपॅडने ती कदापि उघडू नये. खूण जुळवली म्हणजे आतला डेटा जुळला असे मात्र होत नाही. मूळ डिस्कवर किती लिहिले गेले यावर ते अवलंबून आहे. म्हणून हा प्रयोग कॉपीवर करावा आणि व्हीएम उघडताच आधी कामाच्या फाइली बाहेर काढाव्यात. हायपर-व्हीमध्ये हाच मेळ पॉवरशेलच्या ‘सेट-व्हीएचडी’ आदेशाने मूळ फाइलचा पत्ता देऊन घालता येतो, आणि तिथेही खूण न जुळण्याकडे दुर्लक्ष करण्याचा पर्याय तितक्याच जपून वापरावा.

व्हीएमची नोंद यादीत ‘इनॅक्सेसिबल’ दिसते, तेव्हा घाबरायचे कारण सहसा नसते. होस्टची वीज गेली की व्हर्च्युअलबॉक्सची ‘डॉट व्हीबॉक्स’ ही सेटिंगची फाइल कधी कधी रिकामी होते. शेजारीच ‘व्हीबॉक्स-प्रीव्ह’ ही आधीची प्रत असते. बिघडलेली बाजूला ठेवून या प्रतीचे नाव बदलले की नोंद परत येते. तीही नसेल तर नवे व्हीएम करून जुनी डिस्क जोडणे रास्त आहे, फक्त स्नॅपशॉट असतील तर मूळ डिस्क जोडायची नाही, साखळीतली शेवटची फाइल जोडायची. मूळ डिस्क जोडली की काही महिन्यांपूर्वीचा डेस्कटॉप दिसतो, डेटा गेला असे वाटून हातपाय गळतात, आणि तोवर गेस्टने त्या डिस्कवर लिहून साखळीचा मेळ घालवलेला असतो.

हायपर-व्हीवर दुसरीकडून कॉपी करून आणलेल्या डिस्कला ‘जनरल ॲक्सेस डिनाइड’ आणि ८००७०००५ ने संपणारा कोड येतो. फाइलच्या परवानग्यांत त्या व्हीएमची स्वतंत्र ओळख नोंदलेली नसते, एवढेच त्याचे कारण. सेटिंगमध्ये जाऊन डिस्क काढावी आणि तीच पुन्हा जोडावी. परवानगी हायपर-व्ही स्वतःच घालते.

किरकोळ कारणे भराभर तपासता येतात. सीडी ड्राइव्हला जोडलेली आयएसओ फाइल हलवली गेली असेल तर ती काढून टाकावी. व्हर्च्युअलबॉक्स ७.० च्या आधी यूएसबी २ आणि ३ साठी एक्स्टेंशन पॅक लागायचा. तो नसेल किंवा आवृत्ती जुळत नसेल तर यूएसबी १.१ निवडून पाहावे. नेटवर्कचा संशय असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क कार्डासमोरची टिक काढून व्हीएम सुरू करावे. सुरू झाले तर ‘होस्ट-ओन्ली’ किंवा ‘ब्रिज्ड’ची जोडणी बिघडलेली आहे. लिबव्हर्टमध्ये ‘डिफॉल्ट’ नेटवर्क ॲक्टिव्ह नसल्याचा संदेश ‘व्हर्श नेट-स्टार्ट डिफॉल्ट’ने जातो आणि ‘नेट-ऑटोस्टार्ट’ दिल्यास पुन्हा येत नाही.

खिडकी उघडून बूटचे माध्यम सापडत नसेल तर फर्मवेअर, म्हणजे बायोस की त्याची नवी जात ईएफआय (यूईएफआय), जुळते का ते पाहावे. बायोसवर बसवलेला गेस्ट ईएफआयने सुरू होत नाही आणि ईएफआयवरचा बायोसने. हायपर-व्हीत ‘जनरेशन १’ म्हणजे बायोस आणि ‘जनरेशन २’ म्हणजे यूईएफआय. तयार झाल्यावर जनरेशन बदलता येत नाही, दुसऱ्या जनरेशनचे व्हीएम करून तीच डिस्क जोडावी लागते. जनरेशन २ मध्ये लिनक्स अडत असेल तर सिक्युअर बूटचा नमुना ‘मायक्रोसॉफ्ट विंडोज’वरून ‘मायक्रोसॉफ्ट यूईएफआय सर्टिफिकेट ऑथॉरिटी’वर न्यावा. आणि डिस्कचा कंट्रोलर, म्हणजे ती ज्यावर जोडली जाते तो भाग, आयडीईवरून साटा किंवा व्हर्टआयओवर बदलल्यानंतर विंडोज ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’चा निळा पडदा दाखवू लागले, तर विंडोज बिघडलेले नाही, त्याला नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर मिळालेला नाही. कंट्रोलर पूर्ववत करावा, आत जाऊन ड्रायव्हर घालावा, मग बदलावा.

यातले काहीही करण्याआधी व्हीएमचे संपूर्ण फोल्डर कॉपी करावे, आणि डिस्क किंवा स्नॅपशॉट त्या फोल्डरबाहेर ठेवले असतील तर तेही. पेनड्राइव्ह एफएटी-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस असलेली डिस्क घ्यावी. कॉपी करताना व्हीएम बंद असावे, आणि ते फोल्डर क्लाउडशी आपोआप सिंक होणाऱ्या जागी मुळीच नसावे. सिंक करणारा प्रोग्राम डिस्कची फाइल मध्येच धरून ठेवतो आणि लिहिणे फसते. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, ही समजूतही सोडायला हवी. तो त्याच डिस्कवर, मूळ फाइलवरच टेकून उभा असतो.

आपल्याकडे एक विनंती. तंत्रज्ञानाच्या सदरात अशा प्रश्नांना उत्तर छापताना वाचकाकडून चार गोष्टी आधी मागवाव्यात: होस्टची सिस्टिम व आवृत्ती, व्हर्च्युअलायझेशनच्या प्रोग्रामची आवृत्ती, एररचा मजकूर जसाच्या तसा, आणि शेवटचे नीट चालले त्यानंतर काय अपडेट झाले किंवा बदलले. ‘हायपर-व्ही बंद करा’ असे छापाल तेव्हा ते पुन्हा चालू कसे करायचे आणि त्याने आणखी काय बंद पडेल, तेही त्याच उत्तरात यावे. जागा कमी पडत असेल तर ‘रिमूव्ह ओन्ली’ हे दोन शब्द तरी वगळू नयेत.

आपले,
व्हर्च्युअल मशीनच्या देखभालीचे काम करणारे काही वाचक